लॅटिन-ग्रीक मुळांची यादी पाठ करून इंग्रजी शब्दसंग्रह वाढतो का?

तुमचं शिक्षण मराठी माध्यमातून झालंय आणि आता स्पर्धा परीक्षेसाठी तीनशे-चारशे मुळांची यादी पाठ करावी का, असं तुम्ही विचारलंय. मुळं जरूर शिका, पण यादी पाठ करू नका. आठवडाभरात विसराल.

मीही मराठी माध्यमाचाच. पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट टाइप करायला लागलो ते डेंग्यूचे दिवस होते. 'थ्रॉम्बोसायटोपेनिया' हा शब्द रोज यायचा आणि मी तो अक्षर-अक्षर बघून उतरवायचो. एकदा डॉक्टर मॅडमनी पेनने त्याचे तीन तुकडे करून दाखवले. थ्रॉम्बो म्हणजे गुठळी, साइट म्हणजे पेशी, पेनिया म्हणजे कमतरता. रक्ताची गुठळी धरणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, कमी झाल्यात! त्यानंतर ते स्पेलिंग कधी चुकलं नाही. पुढे 'ल्युकोपेनिया' आला तेव्हा ल्युको म्हणजे पांढरं, एवढंच विचारावं लागलं.

आपल्याला हे जड जात नाही, कारण ही रीत आपण शाळेतच शिकलोय. प्रहार, आहार, संहार, विहार आठवा. तसंच लॅटिनमध्ये 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणं. त्यावरून इम्पोर्ट, एक्स्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. रिपोर्टसुद्धा त्याच घरातला, खबर परत घेऊन येणारा. उत् अधिक लेख म्हणजे 'उल्लेख', हा संधी तिथेही होतो: नकाराचा 'इन' लीगलला लागला की 'इल्लीगल' होतो, म्हणून त्यात दोनदा एल. आणि अज्ञानात 'अ', पण अनादरात स्वरापुढे 'अन्', हा नियम ग्रीकमध्ये जसाच्या तसा आहे. थिऑस म्हणजे देव, तो न मानणारा एथीस्ट. आर्खे म्हणजे सत्ता, ती नसली की ॲनार्की. 'पेरिमीटर' आणि आपली 'परिमिती' शेजारी ठेवून बघा, मला अजूनही नवल वाटतं. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून आल्या असाव्यात, हे संस्कृतचे ब्रिटिश अभ्यासक विल्यम जोन्स यांनी 1786 साली कोलकात्यात मांडलं होतं.

फसगतही होते, ती आधीच सांगतो. पेडेस्ट्रियनमधला 'पेड' लॅटिन, म्हणजे पाय. पीडियाट्रिशियनमधला ग्रीक, म्हणजे मूल. पेट्रोलच्या टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' नकाराचा नाही, तो चटकन पेट घेणारा. म्हणून अर्थाचा अंदाज बांधला तरी शब्दकोश उघडाच, तिथली व्युत्पत्तीची ओळही वाचा.

माझ्याकडे एक दोनशेपानी वही आहे. एका मुळाला एक पान, आणि वाचनात समोर आलेलाच शब्द त्यावर लिहायचा. 'स्पेक्ट', म्हणजे बघणं, या पानावर इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर, प्रॉस्पेक्ट आधीपासून होते. परवा अग्रलेखात 'सर्कम्स्पेक्ट' भेटला. सर्कम म्हणजे सभोवार. चहूकडे बघून पाऊल टाकणारा.