पोबारा: फाशाचं दान, चोराचं काम

आमची मित्रमंडळी रविवारचं शब्दकोडं फोनवरच्या गटात मिळून सोडवते. परवा एक संकेत होता, 'फाशांचं दान, चोराचं काम, तीन अक्षरं'. 'पोबारा' हे उत्तर चटकन आलं, पण एका मैत्रिणीने विचारलं, यातला 'बारा' हा आकडाच का? आणि मग 'पो' कोण? एकाने 'बारा वाटांनी पळणे' असं ठोकून दिलं. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे पोर्तुगीजांना बोलावलं. चावी, पगार, बटाटा, घमेलं त्यांचं, कबूल. पण दिसला अनोळखी शब्द की उतरव गलबतातून, हे काही खरं नाही.

तर बारा हा आकडाच, आणि शब्द सारीपाटाचा. या खेळाचे फासे लुडोसारखे ठोकळे नसतात. बोटासारखे लांबट असतात, आणि त्यांच्या चार लांब बाजूंवर एक, दोन, पाच आणि सहा ठिपके. तीन-चार नाहीतच. असे तीन फासे एकदम टाकायचे. दोहोंवर छक्के आणि तिसऱ्यावर एक आला, की ते दान 'पौबारा'. 'पौ' म्हणजे फाशावरचा एक. मराठीत त्याचा 'पो' झाला. म्हणजे नावात बारा असले तरी बेरीज तेरा! तीन छक्के पडले तर अठरा होतात, म्हणजे आकड्यात हे सगळ्यांत मोठं दान नव्हे. तरी भाग्याचं मानतात ते हेच.

आता खरी गंमत. हिंदीत 'पौ बारह होना' म्हणजे नशीब फळफळणं, चैन होणं. तिथे अर्थ अजून पटावरच आहे. आपल्याकडे मात्र 'चोरट्यांनी ऐवजासह पोबारा केला'. ही बातमी वाचताना सारीपाट कुणाला आठवतो? नशिबाचं दान पळ काढण्यापर्यंत कसं पोचलं, याचं मला पटणारं उत्तर सोंगटीच्या चालीत आहे. तेरा घरांची चाल मिळाली की मागे लागलेल्याच्या हातून सोंगटी निसटलीच. पळण्यातला 'दान साधलं' हा भाव शब्दात अजून शिल्लक आहे. म्हणून तर नुसता घाबरून धावत सुटलेला माणूस 'पोबारा करतो' असं आपण सहसा म्हणत नाही. पोबारा करणारा काहीतरी पदरात पाडून किंवा कुणाला तरी चकवून जातो. 'पळ काढला' आणि 'पोबारा केला' यांत मला हा फरक जाणवतो.

फाशांचा विषय निघालाच आहे तर कली राहायला नको. कृत, त्रेता, द्वापर, कलि ही युगांची नावं मुळात जुन्या द्यूतातल्या दानांची. कृत हे चाराचं, सगळ्यांत चांगलं. कलि हे एकाचं, हरवणारं. महाभारतातल्या नलोपाख्यानात कली नळाच्या अंगात शिरतो, द्वापर फाशांत, आणि नळ राज्य घालवून बसतो. 'याच्या डोक्यात कली शिरलाय' असं आपण भांडकुदळ माणसाबद्दल म्हणतो, तो हाच.

पुढच्या वेळी वाद झाला तर आधी कोश उघडा. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट चाळता येतात. फक्त एक लक्षात ठेवा: तिथे क्रियापदं जुन्या लेखनात आहेत. 'करणे' मिळत नसेल तर शेवटी अनुस्वार देऊन 'करणें' शोधा. आमच्या गटातले निम्मे वाद 'हा शब्द कोशातच नाही' इथून सुरू होतात, आणि शब्द बिचारा अनुस्वारासकट तिथेच असतो.