व्हायोलिनवादक योसेफ सुक यांची कारकीर्द थोडक्यात सांगाल का? सुरुवात कोणत्या रेकॉर्डिंगने करावी?

आधी नावाचा घोळ मिटवू. योसेफ सुक दोन. संगीतकार सुक (1874–1935) हे चेक संगीतकार आन्तोनिन द्वोर्झाकचे जावई आणि स्वतःही व्हायोलिनवादक. तुम्ही विचारताय ते त्यांचे नातू (1929–2011), म्हणजे द्वोर्झाकचे पणतू. शोधताना दोघांची रेकॉर्डिंग्ज एकत्र येतात, त्यामुळे नाव वादक म्हणून आहे की रचनाकार म्हणून, ते पाहा.

जन्म प्रागचा, गुरू यारोस्लाव कोत्सियान. पियानोवादक यान पानेन्का आणि चेलोवादक योसेफ खुख्रो यांच्यासोबतचं 'सुक त्रिओ' पन्नाशीच्या दशकापासूनचं. 1961 पासून चेक फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाचे सोलोइस्ट (एकल वादक), 1974 मध्ये स्वतःचा चेंबर ऑर्केस्ट्रा (छोटा वाद्यवृंद). व्हियोलाही (व्हायोलिनहून थोडं मोठं, खालच्या सुरांचं वाद्य) ते तितक्याच ताकदीने वाजवत.

सुरुवात द्वोर्झाकच्या ए मायनर कॉन्चेर्तोने (एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) करा, कारेल आन्चेर्लच्या संचालनातल्या. तिसरा भाग नीट ऐका. तो फुरियांट, तीन मात्रांचा चेक नाच. त्यात दोन-दोन-दोन, मग तीन-तीन असे आघात पडतात. अनेक वादक वेगाच्या नादात प्रत्येक मात्रेवर सारखाच जोर देतात आणि नाच हरवतो. सुक गजाचा दाब नेमका त्या बदलत्या आघातांवर ठेवतात, बाकीचे स्वर हलके सोडतात. माझ्या मते हा भाग इतका सहज क्वचितच कुणाला जमलाय.

त्यानंतर पियानोवादक ज्युलियस कॅचेनबरोबरचे संगीतकार ब्राम्सचे व्हायोलिन-पियानोसाठीचे तीन सोनाटा (1967, डेक्का कंपनी). मोठा आवाज काढण्याचा अट्टहास नाही, व्हिब्राटो (स्वराचं कंपन) आटोपशीर, सूर स्वच्छ. हेडफोनवरच ऐका.