पहिल्यांदाच पोर्क स्ट्यू करताय? एवढं सांभाळा

सगळ्यात आधी मांसाची निवड. खांद्याचा भाग घ्या, हाडाविना १ किलो. पाठीचा चरबी नसलेला तुकडा दिसतो छान, पण दोन तासांत भुशासारखा कोरडा होतो. खांद्याच्या मांसातले चिवट जोडतंतू मंद आचेवर विरघळतात, त्यातूनच रस्सा दाट होतो.

४ सेंटीमीटरचे तुकडे करा, कागदाने कोरडे पुसा, मीठ लावा. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे थोडे घालून तांबूस परता. सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस भाजण्याऐवजी उकडतं. नवशिक्यांची हीच चूक सर्वाधिक. मग त्याच पातेल्यात कांदा परतून थोडं पाणी घाला आणि बुडाला चिकटलेलं खरवडून घ्या. चव तिथेच असते! (करपून काळं झालं असेल तर मात्र पातेलं बदला.)

मांस जेमतेम बुडेल एवढंच गरम पाणी घाला. झाकण ठेवून दोन ते अडीच तास. अधूनमधून एखादा बुडबुडा यावा, खळखळ उकळी नको, तिने मांस आवळतं.

भाज्या सुरुवातीला टाकू नका, लगदा होईल.

- गाजर, बटाट्याच्या मोठ्या फोडी: शेवटची ४५ मिनिटं
- मटार: शेवटची ५ मिनिटं

टोमॅटो घालणार असाल तर बटाटे शिजल्यावर घाला. आंबटपणामुळे ते लवकर मऊ होत नाहीत. रस्सा आटतो, म्हणून उरलेलं मीठ अगदी शेवटी. मांस अजून चिवट लागलं तर ते जास्त नाही, कमी शिजलंय. आणखी अर्धा तास द्या. मसाल्यांचे प्रयोग पुढच्या खेपेला.