मदेरात आठ दिवस, डोंगर आणि समुद्र दोन्ही, आणि नवऱ्याला दृष्टीभय

तुम्ही विचारलंय की मे महिन्यात आठ दिवस मदेराला (अटलांटिकमधलं पोर्तुगालचं बेट) जाताय, डोंगरातल्या आणि समुद्रकाठच्या दोन्ही वाटा चालायच्यात, पण नवऱ्याला उंचीची भीती वाटते, तर त्यातल्या सोप्या कोणत्या. मी तिथे दोनदा जाऊन आलोय आणि मला स्वतःला थोडं दृष्टीभय, म्हणजे खाली दरी दिसली की वाटणारी भीती, आहे (ट्रेकवाल्यांना सांगायला लाज वाटते पण आहे), त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. मदेरात "सोपी" हा शब्द बघून फसू नका. वेबसाइटवर सोपी-मध्यम-अवघड लिहिलेलं असतं ते बहुतेक अंतर आणि चढ बघून लिहिलेलं असतं, तुमच्या नवऱ्याचा प्रश्न चढाचा नाहीच, वाटेच्या बाजूला काय आहे याचा आहे. आणि तिथली गंमत अशी की सगळ्यात सपाट वाटाच कधीकधी सगळ्यात जास्त घाबरवतात.

त्या म्हणजे लेव्हाडाच्या वाटा. लेव्हाडा म्हणजे पाण्याचे पाट. बेटाच्या उत्तर बाजूला भरपूर पाऊस आणि धुकं, दक्षिणेला ऊन आणि शेती, म्हणून पंधराव्या शतकापासून लोकांनी डोंगर कोरून उत्तरेचं पाणी दक्षिणेला नेलं, आधी उसासाठी, आता केळी, द्राक्षं आणि वीज. सगळे मिळून दोन हजार किलोमीटरच्या वर पाट आहेत. पाट म्हटलं की उतार अगदी कमी हवा, त्यामुळे त्याच्या कडेने जी देखभालीची पायवाट जाते ती पण सपाट. कुणीही चालेल. फक्त एका बाजूला गुडघाभर पाणी आणि दुसऱ्या बाजूला काही ठिकाणी सरळ खाली दरी, मध्ये दीड-दोन फुटाची सिमेंटची पट्टी. समोरून जर्मन आजी-आजोबांचा ग्रुप आला की एकाने पाटाच्या काठावर एक पाय टाकून उभं राहायचं, दुसऱ्याने दरीच्या बाजूने जायचं, आणि दरीच्या बाजूने कोण जाणार हे डोळ्यांनीच ठरतं. मी प्रत्येक वेळी पाटाची बाजू घेतली, एकदा बूट भिजला, चालेल म्हटलं.

काल्देइराओ व्हेर्दे ही त्यातली सगळ्यात नावाजलेली. केइमादास नावाच्या जंगलातल्या जागेहून निघते, जाऊन-येऊन साधारण तेरा किलोमीटर, शेवटी हिरव्या कड्यांच्या विहिरीसारख्या जागेत उंचावरून धबधबा पडतो. दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी तारेचं रेलिंग आहे. पण मधे बोगदे आहेत, हाताने कोरलेले, छत कुठे पाच फूट कुठे त्याहून कमी, खाली चिखल, बाजूला पाणी. मोबाइलच्या टॉर्चवर जाऊ नका प्लीज, हेडटॉर्चच घ्या, कारण एक हात भिंतीला लागतो आणि दुसरा डोक्यावर. मी पहिल्या बोगद्यात मोबाइल खाली धरून पायाकडे बघत चाललो होतो आणि कपाळ धाडकन आपटलं, मागची बाई "कुइदादो" म्हणाली म्हणजे सांभाळून, पण तोपर्यंत टेंगूळ आलं होतं. पुढे सगळे बोगदे वाकून, म्हाताऱ्यासारखा.

नवऱ्यासाठी मी ही पहिल्या दिवशी सांगणार नाही. पहिल्या दिवशी रिबेइरो फ्रिओहून बाल्कोएसची वाट करा, एका बाजूने दीड किलोमीटर, सपाट, रुंद, शेवटी लाकडी कठडा आणि समोर मधल्या शिखरांची रांग. तिथले चॅफिंच पक्षी हातावर येऊन बसतात, लोकांनी बिस्किटं घालून लाडावून ठेवलेत, तुम्ही नका घालू. दुसरी लेव्हाडा दो रेइ, साओ जॉर्जच्या बाजूला, एका बाजूने पाचेक किलोमीटर, बरीचशी झाडीतून, त्यामुळे दरी असली तरी दिसत नाही. दृष्टीभयाला न दिसणं हेच औषध आहे. आणि त्या जंगलासाठी तर जाच, लॉरिसिल्वा म्हणतात त्याला, 1999 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, एकेकाळी दक्षिण युरोपात अशी जंगलं होती ती संपली आणि इथे टिकली. पाऊस नसतानाही झाडांखाली टपटप पडत असतं, कारण ईशान्येचे वारे ढग आणून डोंगराला चिकटवतात आणि पानं ते धुकं अडवून पाणी करतात. पाटातलं काही पाणी असंच आलेलं असतं.

आता डोंगर. पिको दो आरिएइरो (1818 मी) ते पिको रुइव्हो (1862 मी, बेटावरचं सर्वोच्च) ही वाट म्हणजे लोक ज्यासाठी मदेराला जातात ती. आरिएइरोच्या माथ्यापर्यंत गाडी जाते, रडारचा पांढरा गोल घुमट आहे तिथे पार्किंग. मी पहिल्यांदा दहा वाजता पोचलो आणि ढगात स्वतःचे बूट सोडून काही दिसत नव्हतं, पण ठरवलंय म्हणजे जायचंच या हट्टाने गेलो, डोंगराच्या सोंडेवरून चाललोय की कुणाच्या गच्चीवरून काही कळलं नाही. तुमचा नवरा असता तर खूश झाला असता. दुसऱ्या वेळी रात्री वेबकॅम बघून, पहाटे उठून, सूर्य उगवायच्या आधी वर (मेमध्ये साडेसहाला वर असलात तरी पुरे), तेव्हा ढग पायाखाली होते, पांढऱ्या पठारासारखे, आणि त्यातून नुसती शिखरं वर आलेली. तेव्हा मात्र सोंडेच्या दोन्ही बाजूंना काय आहे तेही कळलं. पायऱ्या दगडात कोरलेल्या आणि दोन्हीकडे तार लावलेली, त्यामुळे धोका तसा नाही, पण पोटात गोळा येतोच. चढउतार भरपूर, आधी शेकड्यांनी पायऱ्या उतरायच्या, मग बोगदे, मग पुन्हा तेवढंच वर. गुडघे बोलतात.

या वाटेबद्दल दोन गोष्टी. ऑगस्ट 2024 मध्ये इथे मोठा वणवा लागला आणि नंतर या वाटेचा मोठा भाग बराच काळ बंद होता, मदेरात दरडी पडून पण वाटा बंद होत असतात, त्यामुळे आदल्या रात्री सरकारी साइटवर चालू-बंद बघितल्याशिवाय निघायचंच नाही. बंद पाटीच्या बाजूने घुसणारे दिसतील, त्यांच्या मागे जाऊ नका. मुख्य वाटांना आता फी पण आहे, ऑनलाइन भरायची. दुसरी गोष्ट, नवऱ्याला नकोच झालं तर रुइव्होला मागच्या बाजूने जा, आशादा दो तेइशेइरापर्यंत गाडी आणि तिथून तीनेक किलोमीटरची रुंद फरसबंदी वाट. शिखर तेच, हिंमत अर्धी. मला विचाराल तर तुम्ही दोघांनी हीच करावी, आरिएइरोला फक्त सूर्योदय बघायला जावं.

वर ढग कधी येतील याचा नेम नाही, म्हणून डोंगराचे दिवस आधी पक्के करू नका. वर ढग असतील तर पूर्वेच्या टोकाला समुद्रावर पळा, तिथे बहुतेक वेळा ऊन असतं. ते टोक म्हणजे पोंता दे साओ लोरेन्सो. बाकी बेट इतकं हिरवं की डोळे थकतात, आणि इथे एक झाड नाही, नुसता गवताळ खडक, दोन्हीकडे अटलांटिक. कड्यांचे थर नीट बघा. काळा बेसॉल्ट, मधे गेरूसारखे लाल राखेचे थर, आणि त्यातून उभ्या आरपार गेलेल्या दगडी भिंती. लाव्हा भेगांतून वर घुसून तिथेच थिजला, आजूबाजूचा मऊ भाग लाटांनी खाल्ला, भिंती राहिल्या. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे लगेच ओळखू येतं, पण आपल्याकडचे लाव्हाचे थर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आणि मदेरा त्यामानाने कालचं पोर. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर, एक-दोन अरुंद जागा आहेत पण तिथे तार आहे. सावली शून्य. मी अर्धा लिटर पाणी घेऊन भर दुपारी गेलो होतो, परत येताना जीभ टाळ्याला चिकटली. दोघांना मिळून तीन लिटर घ्या, आणि टोपीला दोरी हवी, वारा टोपी थेट आफ्रिकेला पोचवतो.

समुद्रकाठची दुसरी वाट लारानोची, माशिको गावाच्या बाजूने बोका दो रिस्को नावाच्या खिंडीत चढायचं आणि तिथून कड्यावरून आडवं पोर्तो दा क्रूझ गावापर्यंत. खिंडीत पोचलं की एकदम खाली तीन-साडेतीनशे मीटरवर समुद्र. माझी सगळ्यात आवडती वाट हीच, आणि नवऱ्याला नेऊ नका. त्याला पोर्तो दा क्रूझमध्ये थांबवा, तिथे वाफेवर चालणारा उसाचा जुना कारखाना आहे, रम बनते. तुम्ही चालत या, तो बसलेला असेल.

बाकी किरकोळ. गाडी भाड्याने घ्याल तर सगळ्यात छोट्या इंजिनची घेऊ नका, फुंशालमधले (बेटाची राजधानी) चढ दुसऱ्या गिअरमध्ये पण कुरकुरतात. जॅकेट रोज बॅगेत, खाली टी-शर्टमध्ये घाम आणि वर दात वाजतात. साप नाहीत, तेवढी काळजी नको. पण सरडे आहेत, लहान करडे, शेकड्यांनी, आणि अजिबात घाबरत नाहीत. रुइव्होवर मी सँडविच मांडीवर ठेवून फोटो काढत होतो तर दोन जण ब्रेडवर चढून बसले होते. बॅगेची चेन लावून ठेवा, एक माझ्याबरोबर गाडीपर्यंत खाली आला होता.