भिंती हिरव्या केल्या की पब आयरिश होतो का?

प्रश्न : ताई, मी बॉस्टनला राहतो. माझा डब्लिनचा एक मित्र आणि मी मिळून बंद पडलेला बार चालवायला घेतोय, आयरिश पब करायचाय. डेकोरेटर म्हणतो शॅमरॉक (आयर्लंडचं चिन्ह असलेलं तीन पानांचं पान) लावा, हिरवे दिवे लावा, चार मोठे टीव्ही लावा, गर्दी आपोआप होईल. मित्राला यातलं काहीच नकोय. रोज वाजतंय आमचं. खरा आयरिश पब कशाने होतो, आणि नवख्या माणसाला तिथे परकं वाटू नये म्हणून काय करायचं?

उत्तर : मित्राचं ऐका. मी शिकागोत सात वर्षं एका आयरिश पबच्या बारमागे उभी राहिलेय, त्या जोरावर सांगते, की पब म्हणजे मुळात पब्लिक हाऊस, लोकांचं घर, आणि घरात आलेल्या माणसाकडे आधी बघायचं असतं. दारातून कुणी आलं की तुमचे हात कितीही अडकलेले असोत, मान वर करून "आलोच" एवढं म्हणा. आमच्याकडे एक आजोबा दुपारी तीनला यायचे, बारच्या टोकाला भिंतीकडच्या स्टुलावर बसायचे, पहिले दोन महिने एक शब्द बोलले नाहीत, मग एक दिवस शेजारच्या मुलीला त्यांनी पेपरातलं कोडं विचारलं आणि त्या दिवसापासून ते स्टूल सगळ्यांसाठी "आजोबांचं" झालं. टीव्ही मोठ्याने चालू असता ना, तर हे झालंच नसतं. म्हणून टीव्ही एकच ठेवा, तोही एरवी बंद. जुलैत हर्लिंगची, म्हणजे काठी आणि चेंडूच्या आयरिश खेळाची, ऑल-आयर्लंड फायनल असते तेव्हा मात्र लावाच, डब्लिनला दुपार म्हणजे तुमच्याकडे सकाळ, तेव्हा लायसन्सची वेळ आधी बघून घ्या.

पैसे घालायचेच असतील तर स्नगवर घाला. स्नग म्हणजे बारला लागून लाकडी पार्टिशनची छोटी खोली, पूर्वी ज्यांना चारचौघांत पिताना दिसायचं नसे ते तिथे बसायचे, त्यात बायकाही आल्या. आज एकट्या बाईला किंवा गर्दीत अवघडणाऱ्या माणसाला तीच जागा हक्काची वाटते.

आता गिनेस, म्हणजे आयर्लंडची ती काळी बिअर, कारण डब्लिनचा माणूस पहिल्या पाइंटवरून तुमची परीक्षा घेणार. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, मग खाली ठेवायचा आणि थांबायचं. तपकिरी ढग खालीखाली जाताना दिसतात, काळं आणि पांढरं वेगळं झालं की मगच वरचा भाग भरायचा. कंपनी याला 119.5 सेकंद सांगते, घड्याळ लावू नका पण घाईही करू नका, या दोन मिनिटांतच गिऱ्हाईकाशी बोलणं होतं. गॅस साध्या बिअरचा चालत नाही, साधारण 75 टक्के नायट्रोजन आणि 25 टक्के कार्बन डायऑक्साइड असं मिश्रण लागतं, नाहीतर ती मऊ साय येतच नाही. बिअरच्या नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवायच्याच, यात हयगय नको. आणि मापात पाप नको : अमेरिकन पाइंट 473 मिली, तिकडचा 568. वीस औंसाचे ग्लास आणा.

ब्लॅक अँड टॅन या नावाचं ड्रिंक (अर्धी फिकट बिअर, वर अर्धी गिनेस) मेनूत घेऊ नका. 1920 मध्ये ब्रिटिशांनी आयर्लंडमध्ये आणलेल्या पोलीस दलाला लोक याच नावाने ओळखायचे, त्यांनी बॅलब्रिगनसारख्या गावात घरं जाळली होती. तेच पेय हाफ अँड हाफ म्हणून विका. कार बाँब नावाचा शॉट तर अजिबातच नको, ज्यांच्या घरची माणसं तिकडच्या संघर्षातल्या बाँबस्फोटात गेली त्यांच्यासमोर ते नाव कसं घ्यायचं हो?

कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) आणि कोबीवरून मात्र मित्राशी भांडू नका. तिकडे बेकन आणि कोबी खातात, कॉर्न्ड बीफची पद्धत इथे येऊन राहिलेल्या आयरिश लोकांनी पाडली, आणि बॉस्टनमध्ये त्यांच्याच नातवंडांना तुम्ही वाढणार आहात. दोन्ही ठेवा.

हॅपी अवरचा विचारही नको, मॅसॅच्युसेट्समध्ये 1984 पासून त्यावर बंदी आहे. गंमत म्हणजे आयर्लंडमध्येही 2003 पासून तसंच आहे, म्हणजे तुमचं काही अडत नाही.

प्रश्न : आमचा पब फिलाडेल्फियात आहे. रविवारी ट्रॅड सेशन, म्हणजे पारंपरिक आयरिश संगीताची बैठक, सुरू केलं पण वाजवणारे दोनदा आले आणि मग फिरकलेच नाहीत. स्टेज केलं, माइक दिले, काय चुकलं?

उत्तर : स्टेज आणि माइकच चुकले. सेशन म्हणजे कार्यक्रम नाही, वाजवणारे एकमेकांसाठी वाजवतात, गोल टेबलाभोवती, एकमेकांची बोटं दिसतील इतके जवळ. दोन-तीन चांगल्या वादकांना ठरवून पैसे द्या, ते दर आठवड्याला असले की बाकीचे फिडल (व्हायोलिन), टिन व्हिसल (पत्र्याची छोटी बासरी) घेऊन आपणहून येतात. बोधरान (हातात धरून वाजवायचा चपटा आयरिश ढोल) एका वेळी एकच, हे त्या दोघा-तिघांनाच सांभाळू द्या, तुम्ही मधे पडू नका. दाराजवळचं टेबल नको, थंडीत वाद्यं बेसूर होतात. आणि खुर्च्यांना हात नकोत, फिडलवाल्याचं कोपर अडतं. हे मला आमच्याकडच्या एका वादकाने तिसऱ्या रविवारी सांगितलं, तोवर तो बिचारा खुर्चीच्या कडेवर बसून वाजवत होता.