ख्रिस्ती राहून गावदेवीलाही मानता येतं का? दोन्ही श्रद्धा एकत्र चालतात का?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही बाप्तिस्मा झालेले ख्रिस्ती, रविवारची मिस्सा चुकवत नाही, पण आजीच्या माहेरच्या गावदेवीची ओढ काही सुटत नाही, तर तिची ओटी भरली तर चालेल का. मी स्वतः मुंबईच्या एका गावठाणातली ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे इथल्याच मूळच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती समाजातली आहे, त्यामुळे हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे असं समजा.

आमच्यात लग्नाआधी उंबराचं पाणी असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी आणतात, त्या पाण्याने नवरा-नवरीला आंघोळ. माझ्या भावाच्या लग्नात विहिरीला लोखंडी जाळी बसवलेली होती, कळशी काही आत जाईना, मग मामीने एक छोटा तांब्या सुतळीला बांधला आणि जाळीच्या भोकातून सोडला, चार वेळा तो रिकामाच वर आला, बँडवाले आपले तेच गाणं परत परत वाजवतायत, पण नळाचं पाणी घेऊया असं एकीनेही म्हटलं नाही. आता उंबर म्हणजे हिंदूंमध्ये दत्ताचं झाड. ही रीत आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला तरी सोडली नाही हे उघड आहे, आणि आमच्या फादरनी कधी हरकत घेतलेली मला आठवत नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, भाताची नवी कणसं चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात, तेही शेतकऱ्याचंच जुनं मन आहे. पेगन हा शब्दसुद्धा लॅटिन पागानुसवरून आलाय, म्हणजे मुळात गावाकडचा माणूस. आम्ही सगळे तेच की!

माझी एक चुलत बहीण एका प्रार्थना ग्रुपमध्ये जायला लागली आणि उंबराचं पाणी म्हणजे सैतानाचं काम म्हणून लग्नालाच आली नाही. काकू आतल्या खोलीत रडत होती. मला त्याचा राग आजही आहे, कारण असली भाषा आपण आधी भोगलेली आहे. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 साली फर्मान काढलं, ख्रिस्त्यांनी अंगणात तुळस लावायची नाही, लग्नात ओव्या गायच्या नाहीत, विडे द्यायचे नाहीत, धोतर नेसायचं नाही. तरी गोव्याच्या ख्रिस्ती लग्नात नवरा-नवरीच्या अंगाला नारळाच्या दुधाचा रोस आजही लावतातच. आणि पोप ग्रेगरीने तर 601 सालीच इंग्लंडमधल्या मिशनऱ्यांसाठी कळवलं होतं की देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि तिथेच आपली उपासना करा.

पण यात एक गोष्ट नीट बघा, मूर्ती काढा असंही तो म्हणतोच. रीत राहिली, नमस्कार कोणाला ते बदललं. म्हणून बहिणीची भाषा चुकली तरी तिचा मुद्दा मला टाकून देता येत नाही. पहिली आज्ञाच आहे की माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत, आणि बायबलमध्ये करिंथच्या लोकांना पौल बजावतो की प्रभूच्या आणि भुतांच्या अशा दोन्ही मेजांवर बसता येणार नाही. हिंदू बाजूने अडचणच नाही, तिथे ख्रिस्तालाही देव्हाऱ्यात जागा होते. अडचण आपल्या बाजूने आहे.

मला सगळ्यात पटलेलं उदाहरण म्हापशाचं. गोव्यात डिचोलीजवळच्या शिरगावची देवी लईराई आणि म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चमधली मिलाग्रिस सायबीण, म्हणजे मारिया माउली, या बहिणी आहेत असं तिथले लोक मानतात, सात बहिणींतली मिराबाई म्हणजेच ही सायबीण. ईस्टरनंतर दोनेक आठवड्यांनी सायबिणीचं फेस्त, म्हणजे सण असतो, तेव्हा शिरगावहून तेल येतं, आणि वैशाखात लईराईची जत्रा लागते तेव्हा म्हापशाहून मोगरीची फुलं जातात. फेस्ताला मी गेले होते, माझ्या पुढे एक आजी, कुंकू लावलेली, नारळाच्या तेलाची बाटली पदरात गुंडाळून तासभर उन्हात उभी होती आणि मागचा ख्रिस्ती मुलगा तिच्या डोक्यावर छत्री धरून होता. मी तिथेच रडले. कॅथलिक शिकवणीत मारिया मारियाच आहे, मिराबाई नाही, आणि कुणी लईराईला उचलून चर्चमध्ये आणत नाही. बहिणी दोन घरांत राहतात आणि एकमेकींना भेट पाठवतात.

तेव्हा तुमच्याबद्दल सांगायचं तर आजीच्या गावच्या जत्रेला खुशाल जा, पालखी बघा, जेवा, वर्गणी द्या. ओटी मात्र वेगळी आहे, ती भरताना आपण देवीकडे काहीतरी मागतो. जे ख्रिस्ताकडे मागायचं तेच तिच्याकडे मागत असाल, तर ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे तुम्ही दुसऱ्या मेजावर बसलात, आणि मग ते लपवू नका, तुमच्या फादरशी मोकळेपणाने बोला. मी स्वतः ओटी भरत नाही. शिरगावच्या एका मैत्रिणीच्या घरून दरवर्षी जत्रेला मोगरीच्या माळा जातात, त्यातल्या एका माळेचे पैसे माझे असतात, आणि माळ देवळात तिची आईच घेऊन जाते.