ताबा लांबला, धीर सुटू लागला: पहिल्या घराविषयी वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत बांधकाम चालू असलेल्या इमारतीत पहिलं घर घेतलेल्या जोडप्यांची पत्रं सर्वांत जास्त आहेत. कुणी कायद्याचं विचारलंय, कुणी कर्जाचं. एकीनं विचारलेला प्रश्न या सदरात सहसा येत नाही, पण तो बाकीच्या सगळ्या पत्रांत कुठेतरी दडलेला दिसतो, म्हणून त्याला सविस्तर उत्तर दिलं आहे.

प्रश्न: आम्ही नवरा-बायकोनं मिळून ठाण्याजवळ वन बीएचके घेतला. करारात ताब्याची तारीख डिसेंबर 2024 होती. आतापर्यंत 40 लाख भरून झाले. बिल्डर म्हणतो, "महारेरावर नवी तारीख मिळाली आहे, म्हणजे उशीर झालेलाच नाही." घरभाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही चालू आहे. थांबावं की बाहेर पडावं?

तुमच्यासाठी तारीख करारातलीच. महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांची नोंदणी आणि देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. त्याच्याकडून मिळालेली मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीला असते. तुम्हाला सही करून दिलेली तारीख तिच्यामुळे पुसली जात नाही. करारातलं ताब्याचं कलम काढा आणि त्यात सवलतीचे काही महिने धरले आहेत का, तेवढं आधी पाहा. ते असतील तर उशीर त्यानंतर मोजायचा.

रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीचा स्थावर संपदा कायदा. त्याचं कलम 18 तुम्हाला दोन वाटा देतं. पहिली, घर सोडायचं आणि भरलेले सगळे पैसे व्याजासह परत मागायचे. दुसरी, घर ठेवायचं आणि ताबा मिळेपर्यंत दर महिन्याचं व्याज मागायचं. सर्वोच्च न्यायालयानं नोव्हेंबर 2021 मध्ये स्पष्ट केलं आहे की मुदत उलटल्यावर परतावा मागणं हा ग्राहकाचा बिनशर्त हक्क आहे. महाराष्ट्रात व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वाधिक एमसीएलआर (बँक ज्याच्या आधारे कर्जाचा दर ठरवते तो दर) अधिक 2 टक्के असा धरतात. उदाहरणादाखल तो 11 टक्के धरला, तर 40 लाखांवर महिन्याला साधारण 36,667 रुपये होतात. बिल्डर जेव्हा "थोडं समजून घ्या" म्हणतो, तेव्हा तो या रकमेबद्दल बोलत असतो हे लक्षात ठेवा.

कोणती वाट धरायची ते इमारत पाहून ठरवा. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकला की दर तीन महिन्यांनी भरलेली प्रगतीची माहिती दिसते. तिच्याबरोबर आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि सीए यांची प्रमाणपत्रं असतात. ती उतरवून घ्या, साइटवर जा आणि कागदावर जेवढं काम पूर्ण लिहिलं आहे तेवढं खरोखर झालंय का ते पाहा. बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मात्र न चुकता वाचा. ते पुष्कळदा टप्प्याटप्प्यानं मिळतं, सुरुवातीला फक्त ठरावीक मजल्यांपर्यंत. तुमचं घर 14 व्या मजल्यावर आणि परवानगी 10 व्यापर्यंत असेल, तर अडचण मजुरांची नाही, परवानगीची आहे. ती किती काळ चालेल हे साइटवरचा माणूस सांगू शकणार नाही.

सगळे स्लॅब पडले असतील, बाहेरचं प्लास्टर, लिफ्ट, नळजोडणी एवढंच उरलं असेल, तर आमचं मत: घर ठेवा आणि व्याज मागा. निम्मे स्लॅब बाकी, कित्येक महिने साइटवर माणूस नाही, सीएच्या प्रमाणपत्रात प्रकल्पाच्या खात्यात शिल्लक नाही, असं दिसलं तर बाहेर पडण्याचा विचार आताच करा. फक्त एवढं ध्यानात घ्या की परताव्यातून आधी बँकेचं कर्ज फिटेल, उरेल ते तुमचं.

तक्रार महारेराच्या संकेतस्थळावर करता येते. शुल्क 5,000 रुपये. करारावर दोघांची नावं असतील तर तक्रारदार म्हणूनही दोघांची द्या. नोंदणीकृत करार, इंडेक्स टू (करार नोंदणीचा सरकारी उतारा), प्रत्येक पावती, बँकेचा खातेउतारा आणि बिल्डरला लिहिलेले ईमेल तारखेच्या क्रमानं लावा. फोनवरच्या आश्वासनांचा उपयोग होत नाही. प्रत्येक फोननंतर "आज आपण असं म्हणालात" एवढ्या दोन ओळींचा ईमेल करा. आधी तडजोड करून पाहायची असेल तर महारेराचा सलोखा मंच आहे, तिथे बिल्डरची तयारी मात्र लागते. निकाल बाजूनं लागूनही पैसे आले नाहीत तर वसुलीसाठी अर्ज करावा लागतो. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते आणि तिला वेळ लागतो, हे आधीच मनाशी धरा.

अजून एक. मुदतवाढीसाठी बिल्डर ग्राहकांकडून संमतीपत्रावर सह्या घेतो. त्यात खाली कुठेतरी "विलंबाबाबत आमची तक्रार नाही" असं वाक्य असू शकतं. ते खोडा आणि "विलंबाच्या व्याजाचा हक्क राखून संमती" असं लिहूनच सही करा.

प्रश्न: 12 व्या स्लॅबचं डिमांड लेटर आलं, साइटवर 9 वा स्लॅब दिसतो. हप्ते थांबवून टाकावेत का?

न कळवता थांबवू नका. हीच चूक सर्वांत महाग पडते. कायद्यानं उशिराचं व्याज तुमच्यावरही लागतं. आदर्श करारनाम्यानुसार (रेराच्या नियमांसोबत दिलेला नमुना करार) तीन वेळा हप्ता चुकला तर 15 दिवसांची नोटीस देऊन बिल्डर करार रद्द करू शकतो. मग उशीर त्याचा, आणि थकबाकीदार तुम्ही.

महाराष्ट्राच्या आदर्श करारात रकमेचे टप्पे कामाशी बांधलेले आहेत: करार झाल्यावर एकूण 30 टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर 45, सगळे स्लॅब झाल्यावर 70, आतल्या भिंती-प्लास्टर-फरशी-दारं-खिडक्या झाल्यावर 75, असं करत शेवटचे 5 टक्के भोगवटा प्रमाणपत्रानंतर (ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला) ताबा घेताना. तुमच्या करारातलं परिशिष्ट याच्याशी ताडून पाहा. मग साइटचा तारीख दिसणारा फोटो काढा, बिल्डरकडे त्या स्लॅबचं आर्किटेक्टचं प्रमाणपत्र लेखी मागा आणि त्याच दिवशी बँकेलाही पत्र द्या: "काम पाहिल्याशिवाय व आमच्या लेखी संमतीशिवाय पुढची रक्कम सोडू नये." पोच घ्या.

जोडीला कर्जाचं गणित. पूर्ण रक्कम उचलली जाईपर्यंत बँका बहुधा प्री-ईएमआय, म्हणजे नुसतं व्याज घेतात. 20 लाख उचलले असतील आणि दर 8.5 टक्के असेल तर महिन्याला सुमारे 14,167 रुपये जातात, मुद्दल मात्र एका रुपयानं कमी होत नाही. झेपत असेल तर पूर्ण हप्ता आताच सुरू करायला सांगा. जुन्या करप्रणालीत असाल तर आणखी एक घड्याळ चालू आहे. कर्ज ज्या आर्थिक वर्षात घेतलं ते संपल्यापासून 5 वर्षांत बांधकाम पूर्ण झालं नाही, तर राहत्या घराच्या व्याजावरची वजावट 2 लाखांवरून 30,000 वर येते.

प्रश्न: घर फक्त पत्नीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्क वाचतं म्हणतात. मग माझं नाव कर्जात तेवढं ठेवावं का?

महाराष्ट्रात निवासी घर केवळ महिलेच्या किंवा महिलांच्या नावावर असेल तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. पतीचं नाव जोडलं तरी ती जात नाही असं काही एजंट सांगतात, ते चूक आहे. संयुक्त नावावर सवलत मिळत नाही.

60 लाखांच्या घरावर सवलत 60,000 रुपयांची. त्यासाठी तुम्ही करारात नसाल आणि कर्जात असाल, तर कर्जाची पूर्ण जबाबदारी तुमच्यावर, मालकी शून्य, आणि व्याजावरची करवजावटही नाही, कारण ती मालकालाच मिळते. दोघंही मालक आणि सहकर्जदार असाल तर जुन्या करप्रणालीत प्रत्येकाला स्वतंत्र वजावट घेता येते. आमचा कल दोघांच्या नावाकडे आहे. करारात हिस्सा टक्क्यांत लिहा आणि दोघांनी मृत्युपत्रंही करून ठेवा. हिंदू पतीचं मृत्युपत्राशिवाय निधन झालं तर त्याच्या हिश्शावर पत्नी व मुलांइतकाच त्याच्या आईचाही हक्क असतो, हे बऱ्याच जोडप्यांना माहीत नसतं.

प्रश्न: घर रखडल्यापासून मी रोज संध्याकाळी दिवा लावून जप करू लागले. आधी कधी करत नव्हते. मला त्यानं झोप लागते. पण नवरा चिडतो, म्हणतो, "हात जोडून ओसी येत नाही." मी स्वतःची फसवणूक करते आहे का?

नाही. आणि तुमचे यजमान जे म्हणतात तेही खोटं नाही. भोगवटा प्रमाणपत्र यायला लागतात अग्निशमन दलाचा ना-हरकत दाखला, लिफ्टची परवानगी, पाणी आणि सांडपाण्याची जोडणी, मंजूर नकाशाबरहुकूम झालेलं काम. जपानं यातलं काही हलत नाही. पण ही यादी कितीही पाठ केली तरी रात्री दोन वाजता छातीवर बसलेला दगडही हलत नाही. तो दिव्यापुढे हलत असेल तर ती साधी गोष्ट नाही, तिला जपा.

वारीला निघालेल्या माणसाला पंढरपूर आजच हवं असतं, पण आज चालायचं ते पुढच्या मुक्कामापर्यंत. तो पावसासाठी प्लास्टिकचा कागद बरोबर घेतो, पायाला तेल लावतो आणि दिंडी सोडत नाही. विठोबावर भरवसा आहे म्हणून घोंगडी घरी ठेवत नाही. तुमच्या घराच्या बाबतीत दिंडी म्हणजे त्याच इमारतीतले बाकीचे ग्राहक. निम्म्याहून जास्त घरं बुक झाली की तीन महिन्यांत ग्राहकांची संस्था स्थापन व्हायला हवी, असं कायदा सांगतो. ती झाली नसेल तर मागणी करा. एकटीनं केलेला जप आणि एकट्यानं केलेला पाठपुरावा, दोन्ही काही दिवसांनी थकवतात.

करून पाहण्याजोगं असं: महिन्यातला एक दिवस ठरवा, एकादशी चालेल, पगाराचा दिवस चालेल. त्या संध्याकाळी दोघांनी अर्धा तास फाइल घेऊन बसायचं. साइटचा महिन्याचा फोटो, महारेरावरची नवी नोंद, बँकेचा खातेउतारा, कुणाला पत्र जायचं आहे आणि ते कोण लिहिणार. फाइल बंद झाली की दिवा लावा. उरलेले 29 दिवस जेवताना बिल्डरचा विषय काढायचा नाही. यजमानांनी हात जोडायलाच हवेत असा आग्रह धरू नका, शेजारी बसले तरी पुरे. त्यांचा राग दिव्यावर नसावा. ज्याच्यावर आहे तो फोन उचलत नाही, म्हणून तो घरात निघतो.

दोन गोष्टींपासून मात्र लांब राहा. "घराचा योग अडलाय" म्हणून शांती, खडे, यंत्रं विकणाऱ्यांना या काळात एक रुपयाही देऊ नका. अडलेली माणसं त्यांना बरोबर सापडतात. आणि थांबावं की सोडावं हा निर्णय कौल लावून घेऊ नका. तो पहिल्या उत्तरातल्या कागदांवरून घ्या. त्यानंतर मन शांत राहो, नात्यात कडवटपणा न येवो, एवढं मागणं देवापुढे ठेवा. ते मागायला कुणाची परवानगी लागत नाही.

प्रश्न: ओसी अजून आलेली नाही. बिल्डर म्हणतो, "दसऱ्याचा मुहूर्त साधा, फर्निचरसाठी किल्ली देतो, ताबापत्रावर सही करा." आई-बाबांचीही वास्तुशांत उरकावी अशी इच्छा आहे. घ्यावी का किल्ली?

सही करू नका. भोगवटा प्रमाणपत्राआधी ताबापत्रावर सही केली की बिल्डर उशिराचं व्याज त्या दिवशीच थांबल्याचं म्हणेल, शेवटचे 5 टक्केही मागेल, आणि तुम्ही मात्र परवाना नसलेल्या इमारतीत राहायला जाल. अशा इमारतीला रीतसर पाणीजोडणी सहसा मिळत नाही, टँकरवर दिवस काढावे लागू शकतात. आई-बाबांना हेच सांगा, पाण्याचा मुद्दा त्यांना लगेच पटेल. दसऱ्याला साइटवर जाऊन उंबऱ्याशी नारळ वाढवायला हरकत नाही, त्याला ताबापत्र लागत नाही.

प्रमाणपत्र आलं की दोन महिन्यांच्या आत ताबा घ्यायचा असतो, तेवढ्यात चांगला मुहूर्त मिळतोच. त्याआधी एक दिवस नुसता तपासणीसाठी मागा. चटई क्षेत्र टेपनं मोजा: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी सोडून. आदर्श करारानुसार 3 टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो, त्यापेक्षा कमी भरलं तर जादा घेतलेले पैसे परत मागता येतात. फरशीवर नाणं ठोकत जा, पोकळ आवाज येईल तिथे खडूनं फुली मारा. प्रत्येक खिडकी उघडून लावून पाहा. दोष ताबापत्रावरच लिहून बिल्डरची सही घ्या. नंतर काही निघालं तर बांधकामाच्या दोषांसाठी ताब्यापासून 5 वर्षं तो बांधील आहे, आणि कळवल्यापासून 30 दिवसांत त्यानं ते विनामोबदला दुरुस्त करायचे असतात.

बाथरूमच्या जाळीवर प्लास्टिक आणि ओलं फडकं दाबून बसवा, दोन बोटं पाणी साठवा आणि 24 तास तसंच ठेवा. दुसऱ्या दिवशी खालच्या घरात जाऊन छत हातानं चाचपा. ते कोरडं लागलं, की भटजींना तारीख कळवा.